मास्तरांच्याच हातात गाडी तापते

रेडिएटरचा खालचा पाइप सोडला आणि पिवळंधमक पाणी भळाभळा घमेल्यात पडलं. महांतेश माझ्या शेजारी उकिडवा बसला होता. त्यानं पाण्यात बोट बुडवलं, वास घेतला आणि मान वर करून वडलांकडं बघितलं.

"अप्पा, हळद टाकलीय तुम्ही यात?"

हिंगमिरे मास्तर जुन्या टायरांच्या ढिगावर आरामात टेकले होते. "टाकली की. मागं जरा गळत होता. गळायचा थांबला का नाही?"

आमच्या सांगलीत ही जुनी रीत. रेडिएटर गळायला लागला की मूठभर हळद आत टाकायची. ती फुगते आणि बारीक चीर बुजवते. बोट कापलं तर हळद, घसा धरला तर हळद, मग रेडिएटरनंच काय घोडं मारलंय. चीर बुजते हे खरं, पण तीच हळद पुढं आतल्या बारीक नळ्यांत जाऊन बसते आणि पाण्याला फिरायला वाट राहत नाही. मी तेवढ्यावरच खूश झालो. दुखणं सापडलं म्हणून हात पुसायला लागलो.

बरीच वर्षं झाली याला. तेव्हा माझं गॅरेज मिरज रोडला होतं, पत्र्याचं. मास्तर म्हणजे हिंगमिरे मोटर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर. निम्म्या गावाला त्यांनी गाडी शिकवली, त्यात मीही आलो. सत्तरी ओलांडली होती, तरी पहाटे अंघोळ करून, कपाळाला भस्म लावून, खांद्यावर नॅपकिन टाकून ते तयार असायचे. गाडी साधीच, पांढरी, छोटी, पुढच्या आणि मागच्या काचेवर तांबड्या रंगात 'एल' लिहिलेली. शाळेची गाडी असल्यामुळं डाव्या बाजूलाही, म्हणजे मास्तर बसतात तिथं, पायाशी एक क्लच आणि एक ब्रेक बसवलेला होता. शिकणारा गडबडला की मास्तर तिथनं गाडी थांबवायचे.

तर ही गाडी तापत होती. सकाळी शिकवणी मोकळ्या रस्त्यावर, तेव्हा काही नाही. नंतर मास्तर तीच गाडी घेऊन गावात कामाला निघाले आणि गर्दीत अडकले की काटा लाल रेघेवर आणि बॉनेटमधनं वाफ. आणि यातली खरी गंमत अशी, की ती तापायची फक्त मास्तरांच्या हातात.

पाणी निथळत होतं तेवढ्यात महांतेशनं तोच विषय काढला. तो मास्तरांचा एकुलता एक पोरगा. शाळेचं ऑफिस आणि आरटीओची कामं तो बघायचा. माणूस सरळ, पण एक गोष्ट डोक्यात घेतली की सोडायचा नाही.

"भूपाल, तू कुणाच्या बाजूचा नाहीस, तूच सांग. ही गाडी मी भर बाजारातनं काढतो, काटा हलत नाही. अप्पांनी काढली की अर्ध्या रस्त्यात वाफ. मग दोष कुणाचा?"

"गाडीचा," मास्तर म्हणाले.

"मग माझ्या हातात का तापत नाही?"

"तुझ्या हातात ती घाबरून असते."

मला हसू आलं. महांतेशला नाही आलं. "साखरेनं यांचे पाय बधिर झालेत," तो मला म्हणाला. "क्लचवर पाय ठेवून चालवतात आणि यांना पत्ताच नसतो. इंजिन असं ताणल्यावर तापणार नाही तर काय होणार? डॉक्टरनं सांगितलंय, मुंग्या येत असतील तर गाडी बंद करा."

"मुंग्या येतात, मुंगळे नाहीत येत," मास्तर म्हणाले. "आणि डॉक्टरला मीच शिकवलंय. अजून त्याला रिव्हर्स जमत नाही."

"चेष्टा नको अप्पा. एक दिवस कुणाच्या तरी अंगावर घालाल."

हे मात्र मास्तरांना लागलं. ते टायरांवरनं उठले, नॅपकिन झटकून परत खांद्यावर टाकला. "ठीक. एकदाच काय ते ठरवू. भूपाल गाडी बघेल. गाडीत काही सापडलं नाही तर चावी तुझी. मी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. पण दोष गाडीत सापडला, तर या विषयावर तू जन्मात तोंड उघडायचं नाहीस."

"कबूल," महांतेश म्हणाला.

मग दोघांनी माझ्याकडं बघितलं. "मला कशाला ओढता तुमच्या भांडणात?" मी म्हणालो. पण ओढून झालं होतं. गाडी गेली तर हा माणूस दिवसभर घरात बसून करणार काय, हे मला डोळ्यांसमोर दिसत होतं. पेपर वाचेल, परत वाचेल, आणि दारात येऊन दुसऱ्यांच्या गाड्यांचे गिअर ऐकत उभा राहील. पण मेकॅनिकनं माया करून चालत नाही. दोष असला तर असतो, नसला तर नसतो.

रेडिएटर सोडून साफ करून आणला. हळद पार निघाली. नवं कूलंट भरलं आणि मास्तरांना गाडी दिली. ते जाताना महांतेशकडं बघून अशा तोऱ्यात हसले, की बास.

कसलं काय. त्याच आठवड्यात गाडी परत दारात, वाफ सोडत. मास्तर उतरले ते थेट टायरांवर जाऊन बसले.

मग मी हट्टाला पेटलो. पाणी फिरवणारा पंप बघितला, ठीक. गरम झालं की उघडतो तो व्हॉल्व्ह बदलून टाकला. रेडिएटरपुढच्या पंख्याला थेट बॅटरीची वायर लावली, तो गरगर फिरला. मग म्हटलं, जागेवर उभी करून इंजिन चालू ठेवून बघू. महांतेश आलाच होता. त्याला आत बसवलं आणि सांगितलं, काट्यावर लक्ष ठेव. तो काचा चढवून बसला. मी बॉनेट उघडून पुढं उभा. पंखा फिरत होता, इंजिन छान पळत होतं. बराच वेळ झाला. चैत्राचं ऊन, पत्र्याखाली मी घामानं निथळलो, पण काटा मधल्या रेघेवरनं हलला नाही.

"काय म्हणतोस?" महांतेशनं काच खाली करून विचारलं.

मी बॉनेट बंद केलं. "गाडीत तर काही दिसत नाही."

हे बोलताना मी मास्तरांकडं बघितलं नाही. महांतेश उतरला आणि त्यानं बापापुढं हात पसरला. तो काही उर्मट नव्हता. "अप्पा, चावी."

"चावी गाडीला आहे," मास्तर म्हणाले. "आणि अजून गाडी तपासून झालेली नाही."

"भूपालनं सांगितलं ना?"

"भूपालनं तुला आत बसवून तपासली. तुझ्या हातात ती कधी तापते? आजारी माणसाला घरी ठेवून शेजाऱ्याची नाडी बघितल्यासारखं झालं हे." मग मला म्हणाले, "माझ्या शेजारी बस. गर्दीत चल. तिथं बघ, आणि मग काय सांगायचं ते सांग."

बोलणं बरोबर होतं. महांतेशला आरटीओत जायचं होतं. संध्याकाळी येतो म्हणाला आणि मोटरसायकलला किक मारून गेला.

मास्तर स्टिअरिंगवर आणि मी डावीकडं, त्यांच्या जागेवर. त्या जागेवर मी आयुष्यात पहिल्यांदा बसलो. पायाशी क्लच आणि ब्रेक होते म्हणून पाय आखडून बसलो. ऊन असं, की सीट चटका देत होती. मी एसीच्या बटणाकडं हात नेला तर नॅपकिनचा फटका बसला.

"शाळेच्या गाडीत एसी नाही. काचा खाली. कान इंजिनाकडं पाहिजे."

"मास्तर, मी शिकायला आलो नाही."

"कोण म्हणतं? शिकायचं कधी संपत नाही. काच खाली घे."

गाडी त्यांनी मार्केट यार्डाकडं घेतली. हळदीचा हंगाम चालू होता. पोत्यांनी भरलेले ट्रक, हातगाड्या, बैलगाड्या, मधनंच घुसणारे रिक्षावाले आणि सगळ्यांवर पिवळी धूळ. पहिल्याच वळणावर आम्ही अडकलो ते अडकलोच. दोन हात पुढं सरकायचं आणि थांबायचं.

मी एक डोळा काट्यावर आणि एक मास्तरांच्या डाव्या पायावर ठेवला होता. पाय क्लचवर होता का? नव्हता. गाडी थांबली की न्यूट्रल करून पाय खाली, पुढं सरकायचं तेव्हाच वर. चाळीस वर्षं पोरांना जे सांगितलं ते स्वतः करत होते. म्हणजे महांतेशचं म्हणणं खोटं. पण काटा तर चढत होता. मधली रेघ ओलांडली, तीन हिस्से गेला, लाल रेघेच्या जवळ आला.

"बघ," मास्तर म्हणाले. "तुझ्या डोळ्यांदेखत."

"बघतोय."

मी काट्याचा नाद सोडला आणि कान दिला. इंजिन ऐकू येत होतं. हॉर्न, हमालांची हाळी, मागच्या ट्रकची घरघर, सगळं ऐकू येत होतं. पंखा ऐकू येत नव्हता.

गाडी एवढी तापली आणि पंखा गप्प? गॅरेजात तर तो न थांबता फिरत होता. गॅरेजात वेगळं काय होतं? महांतेश आत बसला होता. काचा चढवून. एवढ्या उन्हात काचा चढवून माणूस बसतो कधी?

मी हात पुढं केला आणि एसीचं बटण दाबलं. मास्तरांनी नॅपकिन उचलला तोवर पुढनं घुर्र आवाज आला. पंखा सुरू झाला होता. "थांबा मास्तर, मारू नका, काट्याकडं बघा," मी म्हणालो. काटा आधी तिथंच रेंगाळला, मग एकेक केस मागं यायला लागला.

"हे काय?" मास्तर म्हणाले.

"पंख्याला फिरायला दोन मालक आहेत. एक एसी. तो लावला की पंखा फिरतोच. दुसरा म्हणजे पाण्यातला सेन्सर. पाणी तापलं की तो पंख्याला सांगतो. तुमचा सेन्सर मेलाय, मास्तर. काट्याचा वेगळा असतो, तो जिवंत आहे, म्हणून काटा चढताना दिसतो. महांतेश एसीशिवाय गाडीत बसत नाही, म्हणून त्याच्या हातात तापत नाही. तुम्ही एसीला हात लावत नाही, म्हणून तुमच्या हातात तापते."

"आणि मोकळ्या रस्त्यावर?"

"तिथं वाऱ्यानंच रेडिएटर गार होतो. पंख्याची गरजच नसते."

मास्तरांचा चेहरा असा खुलला, की मला वाटलं आता रस्त्यात उतरून नाचतात. "आणि तो येडा मला रोज निघताना सांगतो, अप्पा, गाडी तापते, एसी लावू नका."

"लावू नका म्हणून तापते."

"हे असंच्या असं सांग त्याला. माझ्यापुढं सांग. मला त्याचं तोंड बघायचंय." ते हसायला लागले आणि मीही हसलो. फार बरं वाटलं. एवढी साधी गोष्ट, आणि त्यापायी बापलेकांचं बोलणं तुटायची वेळ आली होती.

पुढचा ट्रक हलला. वाट मोकळी झाली. मास्तरांनी पहिला टाकून गाडी पुढं घेतली. तेवढ्यात डावीकडच्या आडत्याच्या गाळ्यातनं एक हमाल पाठीवर पोतं घेऊन वाकलेला, खाली बघत, आडवा निघाला.

"मास्तर."

"दिसतोय, दिसतोय," ते शांतपणे म्हणाले आणि गाडीनं पुढं उडी घेतली.

माझा पाय कधी गेला ते मला माहीत नाही. डावीकडचा क्लच आणि ब्रेक मी दोन्ही पायांनी तळापर्यंत दाबून धरले होते. गाडी हमालापासून वीतभर अंतरावर थांबली. आणि इंजिन जागेवर ओरडत होतं, सुटलेल्या जनावरासारखं.

"पाय काढा मास्तर."

"ब्रेकवर आहे पाय."

"खाली बघा."

त्यांनी खाली बघितलं नाही. त्यांनी आवाज ऐकला. इंजिनाचा आवाज त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. मग दोन्ही हातांनी त्यांनी स्वतःची उजवी मांडी धरली आणि पाय उचलून बाजूला ठेवला, पोतं ठेवावं तसा. इंजिन शांत झालं.

हमालानं पोतं तसंच पाठीवर ठेवून आमच्याकडं मान वळवली. पुढच्या काचेवरचं 'एल' वाचलं, स्टिअरिंगमागचे पांढरे केस बघितले, मग शेजारी मला बघितलं. "काय म्हातारबा, ह्या वयात शिकाय निघालाय व्हय?" तो म्हणाला. मग मला म्हणाला, "नीट शिकवा की ओ मास्तर, जीव घ्याल कुणाचा तरी." आणि गेला.

मागनं हॉर्न वाजायला लागले. मी उतरलो आणि त्यांच्या बाजूला गेलो. ते उतरून डावीकडं जाऊन बसले. परतीच्या वाटेवर मी एसी चालूच ठेवला. त्यांनी नॅपकिन मांडीवर घडी करून ठेवला होता आणि पाय ब्रेकपासून मागं आखडून घेतले होते.

गॅरेजात येऊन मी सेन्सर बदलला. अंगठ्याएवढा जिन्नस. मग एसी बंद ठेवून इंजिन चालू केलं आणि वाट बघत उभा राहिलो. काटा मधल्या रेघेच्या जरा वर गेला आणि पंखा आपला आपण सुरू झाला. काटा खाली आला, पंखा बंद. परत वर गेला, परत सुरू. दुसरा कुठला दिवस असता तर मी मास्तरांना बोलावून दाखवलं असतं. ते तिथंच टायरांवर होते आणि त्यांनाही पंखा ऐकू येत होता.

संध्याकाळी महांतेश आला. मोटरसायकल उभी करायच्या आधीच त्यानं विचारलं, "काय झालं?"

मी त्याला सेन्सर हातात दिला आणि सगळं सांगितलं. पंखा, एसी, काचा, सगळं. तो ऐकत होता तसतसा त्याचा चेहरा पडत गेला.

"म्हणजे मीच यांना रोज सांगत होतो..."

"तेच की."

"आणि आज तू तपासत होतास, तेव्हाही मी आत एसी लावून..."

"तेच."

महांतेश सरळ माणूस म्हणालो ते उगाच नाही. तो बापापुढं जाऊन उभा राहिला. "अप्पा, चुकलं माझं. महिनाभर तुम्हाला नाही नाही ते बोललो. दोष गाडीचाच होता. ठरल्याप्रमाणं परत हा विषय काढणार नाही."

मी फडक्यानं हात पुसत होतो. हात केव्हाच स्वच्छ झाले होते, तरी पुसत होतो. एक वाक्य सांगायचं राहिलं होतं. ते बोलावं तर मास्तरांचं सगळं जातं. गिळावं तर उद्या दुसरा कुणी हमाल असेल आणि शेजारी मी नसेन. मी ठरवलं, बोलायचं. तोंड उघडलं तर मास्तर माझ्याकडंच बघत होते.

"भूपालनं गाडीचं सांगितलं," ते महांतेशला म्हणाले. "माणसाचं मी सांगतो. ते त्याला सांगायला लावणं बरं नाही."

"माणसाचं म्हणजे?"

"मार्केट यार्डात एक हमाल आडवा आला. मला चांगला दिसला. मी ब्रेक दाबला. म्हणजे मला वाटलं, दाबला. पाय ॲक्सिलरेटरवर होता. गाडी थांबली ती भूपालनं त्याच्या बाजूचा ब्रेक दाबला म्हणून."

महांतेशनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली.

आता बघा माणूस कसा असतो. महिनाभर जो याच एका गोष्टीसाठी भांडत होता, तो म्हणायला लागला, "होतं अप्पा एखाद्या वेळी. गर्दी होती, ऊन होतं. नवी चप्पल आहे तुमची, तिचा तळवा जाड आहे. माझाही पाय चुकतो कधी कधी."

"तुझा चुकला की तुला कळतं. मला कळलं नाही. इंजिन ओरडलं तेव्हा कानानं कळलं."

"मग असं करू. तुम्ही गावात चालवू नका, मी चालवेन. सकाळी फक्त शिकवणी करा. तिथं गर्दी नसते, आणि चालवणारा दुसराच असतो."

"महांतेश," मास्तर म्हणाले. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "आज भूपाल ज्या जागेवर बसला होता ना, त्या जागेवर रोज मी बसतो."

महांतेशनं गाडीच्या डाव्या दाराकडं बघितलं.

"शिकणारा चुकणारच. म्हणून तर तो शिकायला येतो. तो चुकला की ब्रेक मी दाबायचा. उद्या सकाळी आरवाड्यांची सून येणार आहे. भित्री आहे, समोर कुत्रं आलं तरी ॲक्सिलरेटर दाबते. मी म्हणतो तिला, भिऊ नको बाई, मी आहे. काय आहे मी? माझा पाय कुठं पडेल हे मलाच माहीत नाही."

मला रडू आलं, खोटं कशाला सांगू. मी तोंड फिरवून नळाकडं गेलो आणि परत एकदा हात धुतले. मी दिवसभर एवढाच विचार करत होतो की यांचं स्टिअरिंग जाईल. डावीकडची जागा माझ्या डोक्यातच आली नव्हती. त्यांच्या डोक्यात ती हमाल पाठमोरा झाला तेव्हापासून असणार.

मास्तरांनी उठून गाडीची चावी काढली आणि महांतेशपुढं धरली. तो मागं सरकला. "उद्या बघू अप्पा."

"उद्या सकाळीच ती बाई यायची आहे."

तरी त्यानं हात पुढं केला नाही. शेवटी मास्तरांनी चावी माझ्या तळहातावर ठेवली. "तू सोड आम्हाला घरी. याला आत्ता चालवायला लावू नकोस, याचे हात बघ कसे झालेत."

मी पुढचं डावं दार उघडून धरलं. "बसा मास्तर."

"नको. तिथं ब्रेक आहे," ते म्हणाले आणि मागचं दार उघडून आत बसले. एवढ्या वर्षांत मी त्यांना त्या गाडीत मागं बसलेलं बघितलं नव्हतं. गुडघे पुढच्या सीटला टेकत होते. महांतेश मोटरसायकल माझ्या गॅरेजात ढकलून आला आणि दुसऱ्या बाजूनं त्यांच्या शेजारी जाऊन बसला.

मी एकटाच पुढं. गाडी गावात घेतली. संध्याकाळची गर्दी होती, बसस्टँडपाशी अडकलो, काचा खाली होत्या, एसी बंद. पंखा लागत होता, थांबत होता. मागं चप्पल काढल्याचा आवाज आला आणि महांतेशचा आवाज आला, अगदी हळू.

"इथं दाबतोय. कळतंय का?"

"नाही."

"आणि इथं? टाचेला?"

"नाही."

पुढची रिक्षा हलली. मी गाडी दोन हात पुढं घेतली आणि थांबवली.

"इथं?"

"नाही रे."

"इथं, घोट्याच्या वर?"

मागनं हॉर्न वाजला, मी गाडी आणखी जरा पुढं घेतली.

"हां," मास्तर म्हणाले. "तिथं कळतोय तुझा हात. तिथंच राहू दे."